विरजण मेलेलं असेल तर दही लागणार कसं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी जिवाणूंबद्दल आहेत. कुणी वैतागून लिहिलंय, कुणी उत्सुकतेनं. एका वाचकानं तर रिकामं पाकीटच टपालानं पाठवलं आणि सोबत एवढंच लिहिलं, "हे काय आहे ते सांगा." म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, कृषी महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं काढली. सुरुवात काचेच्या ताटल्या धुण्यापासून केली आणि शेवटी त्या ताटल्यांतले ठिपके मोजता मोजता चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. आता कोरेगाव तालुक्यात सासरच्या रानात आलं आणि घेवडा करते. तेव्हा प्रयोगशाळेतलं आणि बांधावरचं, असं दोन्हीकडचं बोलते.

तीन एकर सोयाबीन आहे. दोन वर्षं बियाण्याला रायझोबियम लावतोय. मजुरी वाचावी म्हणून बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रायझोबियम एकाच घमेल्यात कालवतो. फरक काडीचा नाही. हे जिवाणू म्हणजे दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे का, ताई?
— सोयाबीन उत्पादक, औसा (जि. लातूर)

दादा, खूळ नाही. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू. पण तुमच्या घमेल्यात रायझोबियम पेरणीआधीच गेलं असणार.

कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पाकिटातली काळी भुकटी हे विरजणच आहे. काळी दिसते ती लिग्नाइट कोळशाची पूड. ती जिवाणूंची नुसती गादी, खरा माल तिच्यावर बसलेला असतो. खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जैविक खतंही आली. त्यातल्या मानकाप्रमाणे अशा भुकटीत ग्रॅममागे निदान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, आणि द्रवरूप असेल तर मिलीलिटरला १० कोटी. त्यात "जिवंत" हा शब्द महत्त्वाचा. तुम्ही ते बुरशीनाशकाच्या दाट पाण्यात कालवलंत आणि वर कीटकनाशकही ओतलंत. आता पाकिटात किती होते यानं काय फरक पडतो?

क्रम असा ठेवा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, दोन्ही शक्यतो पेरणीच्या काही दिवस आधी. जिवाणू सगळ्यांत शेवटी, पेरणीच्या दिवशी सकाळी. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, म्हणजे एकरी ३० किलो बियाण्याला तीन. बियाण्याला आधी रसायन लावलेलं असेल तर मी जिवाणूंची मात्रा दुप्पट करते. चिकटायला गुळाचं पाणी वापरा, १ लिटरला १२५ ग्रॅम गूळ, उकळून पूर्ण गार केलेलं. "पूर्ण" यासाठी म्हणते की कोमट पाण्यात भुकटी ओतणारे मी पाहिलेत. आणि सोयाबीनचं साल फार पातळ असतं. पाणी जास्त झालं किंवा जोरात चोळलं की साल सुटतं, दाणा उघडा पडतो आणि उगवण घटते. गोणपाटावर बी पसरून हलक्या हातानं वरखाली करा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उद्यावर ठेवू नका.

पाकिटावर पिकाचं नाव वाचलंत का? सोयाबीनच्या मुळांशी जमणारं रायझोबियम वेगळं आणि हरभऱ्याचं वेगळं. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला लावलं तर गाठी येत नाहीत. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि घाईत कुठलंही हातात येतं.

आता तुम्हाला कदाचित न आवडणारी गोष्ट. तुमच्या भागात सोयाबीन कित्येक वर्षांपासून आहे. ज्या रानात ते दरवर्षी होतं, तिथे त्याचे जिवाणू आधीच मुक्कामाला असतात. तिथे पाकिटानं फरक पडलाच तर थोडा पडतो. ज्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच जातंय, तिथे मात्र लावलेला आणि न लावलेला भाग महिनाभरात पानांच्या हिरवेपणावरून ओळखू येतो. ब्राझीलचं सोयाबीन नत्रखताऐवजी जवळपास सगळं याच जिवाणूंवर उभं आहे. त्यामागे योहाना डोबेराइनर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा होता.

तुमच्या रानात काय चाललंय ते मला विचारण्यापेक्षा झाडाला विचारा. चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवशी, फुलं लागायच्या सुमाराला, चार ठिकाणची चार झाडं काढा. उपटू नका, उपटलं की गाठी जमिनीतच राहतात. खुरप्यानं किंवा कुदळीनं मातीच्या गड्ड्यासकट उचला, बादलीभर पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. मग मुळं बघा. सोटमुळावर, खोडाच्या जवळ गाठींचा झुपका असेल तर तुम्ही लावलेल्या जिवाणूंनी काम केलंय असं समजायला हरकत नाही. गाठी लांब लांब, बाजूच्या बारीक मुळ्यांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा रानात आधीपासून असलेल्यांच्या. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीतल्याच एका द्रव्याचा असतो. आत पांढरट किंवा हिरवट निघालं तर नुसती गाठ, काम नाही. एक फसगत टाळा. सूत्रकृमीच्या गाठीही अशाच दिसतात, पण तिथे मूळच सुजलेलं असतं. रायझोबियमची गाठ बोटानं हलकेच ढकलली की मण्यासारखी सुटून हातात येते.

आणि पंचविसाव्या दिवशी "पिवळं दिसतंय" म्हणून युरिया फेकलात का? पत्रात नाही लिहिलंत, पण मला शंका आहे. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायच्या भानगडीत पडत नाही. घरात शिजलेलं मिळत असेल तर कोण चूल पेटवेल?

आल्याला कंदकूज येते म्हणून दुकानदारानं ट्रायकोडर्मा, सुडोमोनास आणि बॅसिलस अशा तीन बाटल्या दिल्या. कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाबरोबर एकाच टाकीतून मुळाशी आळवणी केली तर चालेल का? आणि जिवाणू रोगाशी भांडतात म्हणजे नक्की काय करतात? डोळ्यांना तर काहीच दिसत नाही.
— कोरेगाव (जि. सातारा)

माझ्याच तालुक्यातले निघालात, तर आधी स्वतःची चूक सांगते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी, जून संपताना दोन गादीवाफ्यांत आल्याची पानं कडेनं पिवळी पडायला लागली. मी घाबरले आणि सोमवारी कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी केली. बुधवारी, घरात होतंच म्हणून, सुडोमोनास ठिबकमधून सोडलं. रात्री जेवताना घास हातातच राहिला. ३१ वर्षं लोकांना जे करू नका म्हणून सांगत आले, ते मी स्वतः केलं होतं. तांबं बुरशीला मारतं तसंच जिवाणूलाही मारतं. तुमच्या टाकीत तर दोन दिवसांचंही अंतर नाही. एकत्र अजिबात नको. मी आता निदान १०-१५ दिवस मध्ये जाऊ देते.

ट्रायकोडर्मा जिवाणू नाही, ती बुरशी आहे, आपल्या बाजूची. सुडोमोनास आणि बॅसिलस हे जिवाणू. तिघांची एकमेकांशी गट्टी जमेलच असं नाही. कुठला वाण कुणाला दाबतो ते प्रयोगशाळेत ताटलीत समोरासमोर वाढवून बघावं लागतं. म्हणून मिसळायचंच असेल तर आधीच पारखून तयार केलेलं मिश्रण घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं "बायोमिक्स" तसं आहे. हळदीच्या कंदकुजीसाठी हिंगोली-वसमतकडचे शेतकरी ते घ्यायला परभणीपर्यंत जातात, आणि हळद काय नि आलं काय, एकाच घरातले. तुमच्या तीन बाटल्या आहेतच, तर वेगवेगळ्या आठवड्यांत द्या.

आता भांडण कसं चालतं ते. हा माझा आवडता विषय, तेव्हा थोडी लांबण लागेल.

सुडोमोनास फ्लोरोसन्स वाढवायला "किंग्ज बी" नावाचं आगर, म्हणजे जिवाणूंचा जेलीसारखा खाऊ, वापरतात. आमच्याकडे त्याच्या ताटल्या तयार झाल्या की दिवे बंद करून अतिनील दिव्याखाली धरायच्या. अंधारात सगळी ताटली हिरवट-पिवळी उजळून निघायची, काजव्यांनी भरलेल्या झाडासारखी. नवीन विद्यार्थी हमखास "ओहो" म्हणायचे. मग त्यांना दुसरी ताटली दाखवायची. जिवाणू तोच, आगरही तेच, फक्त त्यात जरासं लोह घातलेलं. ती काळीच राहायची. कारण ती चकाकी म्हणजे जिवाणूनं लोह पकडायला बाहेर टाकलेलं जाळं असतं. लोह भरपूर मिळालं की जाळं टाकायची गरजच उरत नाही. मातीत लोह पुष्कळ असलं तरी आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही, म्हणून हाताला लागत नाही. सुडोमोनास मुळाभोवती जाळं टाकतो आणि जे थोडं लोह मोकळं असतं ते ओढून घेतो. रोगाच्या बुरशीलाही लोह लागतं. तिची उपासमार होते. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात क्लोपर आणि श्रॉथ यांनी हे मांडलं. मुळांवर राहून झाड वाढवणाऱ्या जिवाणूंना इंग्रजीत जे पीजीपीआर म्हणतात, तेही त्यांनीच दिलेलं नाव.

दुसरी युक्ती साधी, जागा अडवणं. मूळ सतत साखर आणि आम्लं पाझरत असतं. त्या पाझरामुळे मुळालगतच्या मातीचं एक वेगळंच जग तयार होतं. हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्येच त्याला रायझोस्फिअर हे नाव दिलं. एसटीत आधी रुमाल टाकला त्याची सीट. जिवाणू मुळावर आधी बसले तर बुरशीला उभं राहायलाही जागा मिळत नाही. शिवाय बॅसिलस बुरशीला मारक अशी द्रव्यंही सोडतो.

तिसरी गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते. नेदरलँड्समध्ये १९९१ साली कार्नेशनच्या मुळांना सुडोमोनास लावला आणि मर रोगाची बुरशी थेट खोडात टोचली. दोघांची कुठे गाठच पडत नव्हती, तरी रोग कमी आला. म्हणजे मुळावरच्या जिवाणूनं झाडालाच सावध करून ठेवलं होतं.

पण हे सगळं रोग यायच्या आधी. कंद मऊ पडून वास सुटला की त्या झाडासाठी जिवाणूंचा उपयोग नाही. ते उपटून बाहेर न्या आणि सरीतलं पाणी काढा. कंदकूज पिथियममुळे होते आणि पिथियमला साचलेलं पाणी फार आवडतं. चर नसेल तर बाटल्या दहा आणा, उपयोग शून्य. पुढच्या हंगामात बेणं लावण्याआधी अर्धा तास जिवाणूंच्या द्रावणात बुडवा. लागणीआधी पंधरा दिवस चांगल्या कुजलेल्या शेणखतात सुडोमोनास मिसळा, सावलीत ओलसर ठेवा आणि मग गादीवाफ्यात द्या. शेणखत नसलेल्या रानात जिवाणू सोडणं म्हणजे कुलूप लावलेल्या घरी पाहुणे पाठवणं. आपल्याकडच्या कित्येक रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे. बिचारे खातील काय?

हो, माझ्या त्या दोन गादीवाफ्यांपैकी एक गेला.

आमच्या हरभऱ्याला मर लागत नाही. बांधापलीकडे तीच जात, तेच बियाणं, आणि दरवर्षी मर. आता शेजारी आमच्या रानातली ट्रॉलीभर माती मागतोय. द्यावी का?
— जालना

शेजाऱ्याचं डोकं चालतं हो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात गव्हाची मुळं काळी पडून पीक बसायचं. शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की त्याच रानात गहूच घेत राहिलं तर रोग काही वर्षं वाढतो आणि मग आपोआप उतरतो. कुक आणि वेलर या शास्त्रज्ञांनी तिथे बरीच वर्षं काम केलं. अशा रानातली थोडी माती आजारी मातीत मिसळली की गुण तिकडेही जायचा. माती तापवली की गुण जायचा. अगदी विरजणाचा हिशेब. मुळांवर सुडोमोनासच्या एका गटाची गर्दी झालेली होती आणि तो गट बुरशीला मारणारं द्रव्य सोडत होता.

तरी ट्रॉली देऊ नका. गव्हाचं हरभऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही. हरभऱ्याच्या मरीची बुरशी पीक नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत टिकते, त्यामुळे "घेत राहा, आपोआप उतरेल" हा जुगार तर मुळीच खेळू नका. तुमच्या मातीत ती थोडी असेलच, वर सूत्रकृमी आणि तणाचं बी. शिवाय तुमच्याकडे मर नाही याचं कारण जिवाणूच आहेत हे कशावरून? शेजाऱ्यांना विचारा, हरभऱ्यावर हरभरा किती वर्षं घेतलाय, पाणी कसं देतात, पाणी साचतं का. जात एकच म्हणता, पण ती कुठली ते लिहिलं नाहीत. विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ यांपैकी असेल तर मरीपुढे जरा टिकते. शेजाऱ्याला म्हणावं, दोन-तीन वर्षं तिथे ज्वारी घ्या, मग बियाण्याला ट्रायकोडर्मा लावून हरभरा. माती मागणारा माणूस आहे, ऐकेल.

गच्चीवर टोमॅटो आणि तुळस आहे. ऑनलाइन मागवलेले जिवाणू नळाच्या पाण्यात मिसळून देते. चालेल ना?
— ठाणे

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, आणि तो जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो. बादली रात्रभर उघडी ठेवा, मग मिसळा. द्यायचं ते संध्याकाळी. गच्चीवरची प्लास्टिकची कुंडी मे महिन्यात हात लावून बघा, म्हणजे का ते कळेल. तुळशीला कशाला देताय? तिला एक वेळ पाणी कमी घाला, तेवढं पुरे.

डाळिंबावरचा तेल्याही जिवाणूच आहे म्हणतात. मग जिवाणूनं जिवाणू मारता येईल का? सुडोमोनासची आळवणी करू?
— सांगोला

तेल्या हा झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग, बरोबर ऐकलंत. पण तो पानाफळावर पावसाच्या थेंबांतून आणि कात्रीच्या पात्यावरून पसरतो. मुळाशी ओतलेल्या बाटलीच्या भरवशावर बाग ठेवू नका. रोगट फांद्या छाटा, बागेबाहेर नेऊन जाळा आणि प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा. याचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. सुडोमोनास द्यायचा तर मुळांच्या तब्येतीसाठी द्या, तेल्यासाठी नको.

जीवामृत करतो. मग विकतचे जिवाणू कशाला?
— पुसद

जीवामृतात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. त्यात जिवाणू अफाट असतात, पण कोणते आणि किती ते पिंपागणिक बदलतं. खाऊ मिळाल्यानं मातीतले आधीचे जिवाणूही फोफावतात, हा फायदा मी नाकारणार नाही. पण नव्या रानात सोयाबीन घालणार असाल तर त्याचं रायझोबियम शेणातून येणार नाही, ते पाकिटातूनच आणावं लागेल. दोन्ही करा, भांडण नाही.

द्रवरूप पीएसबीची (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची) बाटली मार्चमध्ये घेतली, मुदत अजून बाकी आहे. पण ती फुगलीय आणि उघडताना फस्स झालं, आंबूस वास येतोय. वापरू का?
— बार्शी

नको. आत दुसऱ्याच कुणीतरी घर केलंय. शेणखताच्या खड्ड्यात ओतून टाका.

एकदा मी मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या एका दुकानातून, खिडकीशेजारच्या फळीवरचं पाकीट विकत आणलं आणि ताटलीत वाढवून पाहिलं. मुदत चार महिने शिल्लक होती. जिथे मोजता येणार नाहीत इतके ठिपके यायला हवेत, तिथे सहा आले, आणि त्यातले दोन भलत्याच कुणाचे. तेव्हापासून खरेदीला गेले की मी आधी छताकडे बघते. कृषी महाविद्यालय, विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रातून ताजं मिळालं तर उत्तम. उसासाठी हवं असेल तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे ॲसेटोबॅक्टर, म्हणजे उसाला नत्र पुरवणारे जिवाणू, मिळतं. दुकानातूनच घ्यायचं तर आतल्या गार खोलीतलं मागा, तयार केल्याची तारीख बघा आणि पेरणीच्या आठवड्यातच घ्या. येताना उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला.

पावती ठेवली असेल तर बाटली बदलून मागा. देत नाही म्हणाले तर तालुक्याच्या खत निरीक्षकाकडे अर्ज द्या. जैविक खतं खत नियंत्रण आदेशात येतात, तेव्हा तपासणी हे त्यांचंच काम. तपासणीला लागली तर असावी, म्हणून एक न उघडलेली बाटली तशीच ठेवा. फुगलेली मात्र घरात ठेवू नका, रात्री टोपण उडतं. आमच्याकडे एकदा उडालं होतं, फडताळातल्या लोणच्याच्या बरणीवर.